‘डॉक्टर सांगतील’

एक्स-रेच्या टेबलावरून पेशंट उतरतो, पायानं चप्पल चाचपतो आणि विचारतो, “काय आलंय ओ फोटोत?” याला आमच्याकडे एकच उत्तर आहे: “डॉक्टर सांगतील.” मिरजेला पदविकेला होते तेव्हा लेड अ‍ॅप्रनची घडी घालायची नाही, आतलं शिसं चिरतं, हे शिकवायच्या आधी हे उत्तर आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मला ते पटलंही होतं. फोटो आपण काढायचा, अर्थ डॉक्टरांनी लावायचा. यात न समजण्यासारखं काय आहे?

मग सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी नोकरी लागली आणि मला काही समजेनासं झालं.

तीस खाटांच्या रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट नसतो, एवढं माहीत होतं. पण नसतो म्हणजे रोजच्या कामात काय होतं, ते माहीत नव्हतं. दूरच्या रेडिऑलॉजिस्टकडे संगणकावरून फोटो पाठवायचे आणि रिपोर्ट मागवायचा, ही सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत २०१५ पासून आहे. कागदावर ती छान दिसते. पण दुपारी काढलेल्या फोटोचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट शेवटच्या एसटीनं वाडीवर पोचलेला असतो, आणि रात्री आलेल्याला प्लास्टर घालायचं की नाही हे त्याच रात्री ठरवावं लागतं. ते ठरवणार कोण, तर एमबीबीएस होऊन बंधपत्राची सेवा करायला आलेले वैद्यकीय अधिकारी, म्हणजे एमओ. ते माझ्याच वयाचे, आणि हाडांच्या बाबतीत माझ्याइतकेच नवखे.

ऊसतोडीचा हंगाम होता. ट्रॉलीवरून पडलेल्या एका पोराचं मनगट सुजलं होतं. बरोबर आई होती, बाप फडावर. मी दोन व्ह्यू काढले, एक समोरून आणि एक बाजूनं. एमओंनी फिल्म ट्यूबलाइटकडे धरली, कारण भिंतीवरच्या व्ह्यू बॉक्सची एक नळी गेलेली होती. बराच वेळ बघून ते म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

मी मागे वळून पाहिलं. खोलीत पोर आणि त्याची आई सोडली तर आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

किती केव्ही, किती एमएएस, कॅसेट कुठं, मार्कर कुठल्या बाजूला, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण पोराच्या मनगटात काळ्या रेघा असतातच. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, फोटोत तो फटीसारखा दिसतो. त्यातली देवानं दिलेली फट कुठली आणि ट्रॉलीनं दिलेली कुठली? पुस्तकात होतं, परीक्षेला नव्हतं, म्हणून वाचलं नव्हतं. मी म्हणाले, “सर, दुसऱ्या हाताचा पण काढून बघू या का?” काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. फटी दोन्हीकडे सारख्याच होत्या. फरक होता तो वेगळ्याच जागी. दुखऱ्या मनगटाच्या वर, हाडाची कड जिथं गुळगुळीत उतरायला हवी तिथं एक बारीकसा फुगवटा. लहान मुलांचं हाड कडकन तुटण्याऐवजी दबून असं फुगतं, याला टॉरस फ्रॅक्चर म्हणतात. एमओंनी केसपेपरवर तसं लिहिलं, सही केली आणि स्लॅब घातला.

मला वाईट वगैरे वाटलं नाही. पण रात्रभर डोक्यात एकच घोळत राहिलं: आत्ता मी जे केलं, ते माझं काम होतं का? जादा फोटो काढायचा विचार मला का सुचला? पहिल्या फोटोत काहीतरी बघितल्याशिवाय तो सुचणं शक्य नाही. म्हणजे मी फोटो वाचला होता. आणि वाचायचा नाही, असं तर शिकले होते.

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या सीनियरना सांगितलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा डार्करूमच्या काळातले. तेव्हा फिल्म हँगरला लावून डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये बुडवायची आणि वाळत घालायची. डॉक्टरांना घाई असली की ते ओली फिल्मच उचलून न्यायचे आणि फिक्सरचे थेंब व्हरांड्यापर्यंत पडत जायचे. या माणसानं इतके फोटो पाहिलेत की त्यांचा हिशेब त्यांनाही लागत नाही. ते ऐकून हसले आणि टेबलावरच्या पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. काही पाकिटांच्या कोपऱ्यात बॉलपेननं बारीकशी बरोबरची खूण होती.

“ही काय?”

“काही न्हाई. नवीन एमओ आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचं, खूण असली तर दोनदा बघा.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“पाकिटं मोजली, म्हणायचं.”

मला वाटलं, हा आमच्या रुग्णालयाचा देशी जुगाड. नंतर मोबाइलवर शोधायला लागले तेव्हा कळलं की इंग्लंडमध्ये हीच गोष्ट उघडपणे आणि नाव देऊन केली जाते. तिथं त्याला ‘रेड डॉट’ म्हणतात. अपघात विभागातल्या रेडिओग्राफरला फोटोत काही वावगं दिसलं की फिल्मवर लाल ठिपका चिकटवायचा. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरांकडून निसटणाऱ्या गोष्टी यामुळे कमी होतात, असा लेख १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, स्विनबर्न नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल फोटो वेगळे काढायचं काम रेडिओग्राफरला शिकवता येईल. १९९० च्या दशकात तिथं रेडिओग्राफरसाठी रीतसर पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, आणि आज ते घेतलेले रेडिओग्राफर हाडांचे रिपोर्ट स्वतःच्या सहीनं देतात.

मी हे अण्णांना कौतुकानं वाचून दाखवलं. त्यांना फक्त १९८५ या आकड्याचं नवल वाटलं. “मी तेव्हा लागलोबी नव्हतो,” म्हणाले.

आणखी वाचलं तेव्हा तर चक्रावलेच. क्ष-किरण शोधणारे राँटगेन हे डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. १८९५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फोटोग्राफर, वीजतंत्री, ज्याच्याकडे यंत्र तो, असे सगळेच एक्स-रे काढत आणि काय दिसतं ते सांगतही. इंग्लंडात १९२० साली रेडिओग्राफर्सची सोसायटी झाली आणि त्याच दशकात ठरलं की रेडिओग्राफरनं रिपोर्ट द्यायचा नाही. म्हणजे मला पाठ करायला लावलेलं ‘डॉक्टर सांगतील’ हे विज्ञानानं आखून दिलेलं नाही. दोन धंद्यांमधला तो एक करार आहे. तिथं तो झाला, तिथंच पुढे सैल झाला. आपल्याकडे झाला तसाच आहे.

आपल्या कायद्यात माझी जागा कुठं, तेही एकदा शोधलं. २०२१ मध्ये संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात रेडिऑलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ आहेत. किमान २००० तासांचं शिक्षण हवं आणि निदानाला व उपचाराला साहाय्य करणं हे काम, असं त्यात म्हटलंय. साहाय्य कुठं संपतं आणि निदान कुठं सुरू होतं, ही रेघ काही मला त्यात सापडली नाही. तीही फोटोतल्या फटीसारखीच. शेजारच्या लॅबवाल्यांचं मात्र सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे: रक्त-लघवीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी. त्यावरून महाराष्ट्रात डीएमएलटीवाल्यांची आणि पॅथॉलॉजिस्टची किती जुंपली, हे आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींना घरबसल्या माहीत होतं. कुणाचा भाऊ लॅबवाला, कुणाचा दीर.

एक गोष्ट मात्र मला पटत गेली. लपून केलेली खूण ही सगळ्यात वाईट खूण. अण्णा रजेवर गेले की पाकिटांवर काहीच नसायचं. मग एमओंनी काय समजायचं, सगळं ठीक आहे की कुणी बघितलंच नाही? लाल ठिपक्यावर इंग्लंडातही हाच आक्षेप निघाला. ठिपका नाही याचे दोन अर्थ होतात. म्हणून पुढे तिथं ठिपक्याऐवजी दोन ओळी लिहायला सांगू लागले: काय दिसतं, कुठं दिसतं. ठिपक्याची जबाबदारी झटकता येते, ओळीची नाही. मला वाटतं इथंच खरा अडसर आहे. आम्हाला दिसतं याबद्दल कुणाचाच वाद नाही. लिहिलं तर ते कुणाच्या अंगावर येणार, हा वाद आहे.

करार संपला आणि मी सांगलीला एका खासगी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये आले. इथं रेडिऑलॉजिस्ट मॅडम आहेत, आणि त्यांना संध्याकाळी सातनंतर, सोनोग्राफीची रांग संपली की, बोलायला माणूस लागतो. सोनोग्राफीच्या प्रोबला मी हात लावत नाही. तिथला गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा वेगळा आणि कडक, त्यात गंमत नाही. पण एक्स-रेच्या मॉनिटरसमोर त्या मला खुर्ची देतात आणि म्हणतात, “सांग.”

सुरुवातीला मी म्हणायचे, “फ्रॅक्चर आहे.” त्या म्हणायच्या, “नाव नको. काय दिसतंय ते सांग.” कुठलं हाड, हाडाचा कुठला भाग, रेघ आडवी की तिरकी, तुकडा सरकलाय का, किती, कुणीकडे. हे सगळं बोलून झालं की नाव आपोआप येतं, किंवा येत नाही आणि तेही कळतं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी मुलांमध्ये एक वेगळा तुकडा दिसतो. रेघ हाडाला समांतर, उभी असेल तर ती वाढीची. हाडाला आडवी छेदून गेली असेल तर फ्रॅक्चर. हे मॅडमनी सांगितलं आणि पदविकेत पाहिलेले कितीतरी पाय मला आठवले.

दुसरा नियम: एक सापडलं की डोळे थांबतात, त्यांना थांबू द्यायचं नाही. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं आहेत. एक मोडून वाकलं असेल आणि दुसरं धड दिसत असेल, तर धड दिसणाऱ्याचे दोन्हीकडचे सांधे बघायचे. ते निखळलेलं असू शकतं. आणि म्हणूनच फोटोत कोपर आणि मनगट दोन्ही यायला हवेत. हे वाक्य ऐकलं तेव्हा मला हसू आलं. ‘दोन्ही सांधे फोटोत घ्या’ हे आम्हाला पहिल्या सत्रात घोकून घेतलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

कोपराचा प्रसंग मात्र मी कधी विसरणार नाही. तासगावकडचं एक पोरगं द्राक्षाच्या मांडवावरून पडलेलं. कोपर काटकोनात ठेवून बाजूचा फोटो घेतला. हाडं स्वच्छ, कुठंही रेघ नाही. मी म्हणाले, “हाडात काही दिसत नाही.” मॅडम म्हणाल्या, “हाडाला सोड. मागं बघ.” कोपराच्या मागं, दंडाच्या हाडाच्या खोबणीत चरबीचा एक पट्टा असतो. एरवी तो खोबणीत दडलेला असतो, बाजूच्या फोटोत दिसतच नाही. सांध्यात रक्त साठलं की तो बाहेर ढकलला जातो आणि हाडामागे काळसर पट्टी दिसते. पुढचा पट्टाही उचलला जातो. रेघ दिसत नसली तरी आत काहीतरी मोडलंय, असं धरून हात बांधून ठेवायचा आणि पुन्हा बघायचं. मी अर्धवट प्रकाशात ती पट्टी बघत बसले.

मग मॅडमनी विचारलं, “फोटो खरा लॅटरल आहे ना?” कोपर जरा जरी फिरलं असेल तर या पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि हे त्या मला विचारत होत्या, कारण हात मी धरून ठेवला होता. पोरगं रडत होतं, खांदा उचलत होतं, मी त्याच्या आईला खाली बसवून हात टेबलाच्या पातळीत आणला होता. फोटो विश्वासाचा आहे की नाही, हे त्या मॉनिटरवरून ओळखू शकत होत्याच. पण खोलीत काय झालं ते मला माहीत होतं. दोघींचं मिळून ते वाचन झालं. रिपोर्टवर सही त्यांची, हे बरोबरच आहे.

त्यांची बाजूही मी ऐकली आहे, आणि ती पोकळ नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ठरवलं. उद्या टेक्निशियननं ‘नॉर्मल’ लिहिलं आणि ते नसलं, तर नोटीस कुणाला? मॅडमचा इन्शुरन्स आहे, माझा नाही. त्यांचं दुसरं म्हणणं जास्त टोचलं: “इंग्लंडात शिकवून, परीक्षा घेऊन, वेळोवेळी रिपोर्ट तपासून सही देतात. इथं सही दिली की उद्या गल्लीत बोर्ड लागेल: एक्स-रे रिपोर्टसह अमुक रुपये. शिक्षण आणि तपासणी कुणाच्या लक्षातही राहणार नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो बोर्ड मला डोळ्यांसमोर दिसत होता, अक्षरांच्या रंगासकट.

पण मग टीबीचं शिबिर झालं आणि माझ्या बाजूनं एक मुद्दा मिळाला.

आमच्या पट्ट्याला छातीचे फोटो नवे नाहीत. पाचगणीचं बेल-एअर १९१२ पासूनचं, ते सुरूच झालं क्षयाच्या सॅनेटोरियम म्हणून. सांगली आणि मिरजेच्या मधली वानलेसवाडी तर मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडणाऱ्या डॉ. वानलेस यांच्याच नावाची, आणि तिथलं छातीचं हॉस्पिटल जुन्या लोकांना अजून ‘टीबीचा दवाखाना’ म्हणूनच माहीत आहे. आता पेशंट डोंगरावर जायचे दिवस गेले, यंत्र गावात येतं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, त्यात हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरायला लागली. त्या धर्तीवरच्या एका शिबिरात मी मदतीला गेले. समाजमंदिर, एका भिंतीला डिटेक्टर टेकवलेला, कॅमेऱ्यासारखं यंत्र तिकाटण्यावर, आणि टेबलावर लॅपटॉप. फोटो काढला की लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर काही क्षणांत आकडा देतं आणि संशयाची जागा रंगवून दाखवतं. १५ वर्षांवरच्या लोकांच्या टीबी तपासणीत माणसाच्या वाचनाऐवजी असं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेलं आहे.

एक आजी आल्या. खोकला नाही, ताप नाही. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या टोकाला रंग चढला. मी फोटो मोठा करून पाहिला. सावलीची कड मानेपर्यंत वर जात होती, फुप्फुसाच्या टोकाच्याही वर. फुप्फुसातली सावली तिथं संपायला हवी. मी म्हणाले, “आजी, आंबाडा सोडलाय का?” “व्हय की, पिना काढून ठिवा म्हनलात न्हवं.” पिना काढल्यावर जाड शेपटा खांद्यावर आला होता. केस वर बांधले, परत फोटो काढला. छातीच्या एका फोटोचा डोस ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास असतो, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, तेव्हा दुसऱ्या फोटोचं ओझं फार नव्हतं. रंग गेला.

फॉर्मवर सॉफ्टवेअरच्या आकड्याला रकाना होता. डॉक्टरांच्या शेऱ्याला होता. ‘केस होते’ हे लिहायला माझा रकाना नव्हता. दुसरा फोटो काढायचा अधिकार मला आहे, कारण ते तंत्र. तो का काढला हे लिहायचा नाही, कारण ते वाचन. शेवटी मी ‘रिपीट’ या शब्दापुढे कंसात ‘केस’ लिहिलं. वाचणाऱ्याला ती टीबीची केस वाटली असेल तर नवल नाही.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या. मग गप्प झाल्या. लॅपटॉपला बोलायची मुभा आहे आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला नाही, हे त्यांनाही विचित्र वाटलं असावं. तसं त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली.

त्या वहीत आता मी हाताच्या आणि पायाच्या फोटोंवर माझ्या दोन ओळी लिहिते, त्यांचा रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी. पेशंटचं नाव नाही, फक्त क्रमांक. आठवड्याच्या शेवटी त्या शेजारी आपलं वाचन हिरव्या पेननं लिहितात आणि जुळलं नसेल तिथं दोघी मिळून फोटो परत उघडतो. ‘नॉर्मल’ असेल तेव्हाही लिहायचंच, कोरी जागा सोडायची नाही, ही अट मी घातली, अण्णांची पाकिटं आठवून. या वहीला कायद्यात काही किंमत नाही आणि ती कुठल्या पेशंटच्या फाइलला लागत नाही. पण कधी कुणी विचारलंच, की टेक्निशियनला शिकवलं तर कितपत जमतं, तर सांगायला एका सेंटरपुरता तरी हिशेब असेल.

अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, त्यात छातीचे फोटोबी घे. मॅडमनी साफ नकार दिला. इंग्लंडातसुद्धा सुरुवात हातापायाच्या हाडांपासून झाली, छाती फार पुढे आली, म्हणाल्या. मनगट, कोपर, घोटा आणि पाऊल एवढंच. मणकासुद्धा पुढच्या वर्षी बघू.